शेजारच्या वावराचा भाव: वाढीव मोबदल्याच्या केसमधला विक्री-नमुना

भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी आदेश, हातात पडला की कास्तकार आधी शेवटचं पान उघडतो, कारण रक्कम तिथं असते. माझं सांगणं असं की मधली पानं आधी वाचा. तिथं एक तक्ता असतो: गट नंबर, आराजी (क्षेत्र), विक्रीची तारीख, किंमत, हेक्टरी दर. तुमच्या वावराला लावलेला भाव त्या तक्त्यातून निघालेला असतो. तुमच्या आसपास, तुमच्यासारखीच जमीन कोणी कोणाला किती पैशाला विकली, हे दाखवणारा व्यवहार म्हणजे तुलनीय विक्री. आमच्या कोर्टात वकील, कारकून, पक्षकार, सगळे त्याला नुसतं ‘नमुना’ म्हणतात. वाढीव मोबदल्याची केस ही बहुतेक ह्या नमुन्याचीच केस असते. आमची केस मी पहिल्या अर्जापासून निकालापर्यंत लढवली. ज्यांची जमीन अजून जायची आहे किंवा ज्यांची केस अर्ध्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचं वावर वर्धा नदीच्या खोऱ्यातलं. तीन एकर, म्हणजे सातबाऱ्यावर १.२१ हेक्टर. काळी, खोल जमीन, धुऱ्याला (बांधाला) विहीर, खरिपात पऱ्हाटी (कपाशी) अन् तूर, रब्बीत गहू-हरभरा. धरणाच्या कालव्यात ते गेलं. कलम ४ ची अधिसूचना, म्हणजे जमीन घ्यायची असल्याची सरकारची पहिली जाहीर सूचना, २००८ सालची, निवाडा २०१० चा, म्हणजे १८९४ च्या जुन्या कायद्याखालचा. दर लागला हेक्टरी १ लाख १० हजार. त्या वेळी आमच्या शिवारात ओलिताचं वावर त्या भावात कोणी दाखवायलाही नेलं नसतं.

रक्कम उचलताना बाबांनी पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असं लिहून सही केली. हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. त्या कायद्यात हरकत न नोंदवता पैसे घेतले तर पुढं कलम १८ खाली वाढीव मोबदला मागायचा रस्ता बंद व्हायचा. दुसरी गोष्ट त्या कायद्यातल्या मुदतीची. निवाडा जाहीर होताना तुम्ही हजर असाल तर त्या दिवसापासून सहा आठवडे. हजर नसाल तर निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, ह्यातलं जे आधी संपेल ते. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं द्यायचा, अन् तिथून तो दिवाणी न्यायालयात पाठवला जायचा. नोटीस ज्या पाकिटात आली ते पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का उपयोगी पडतो.

वकीलसाहेबांकडं गेलो तेव्हा त्यांनी निवाड्यातला तो तक्ता काढून समोर ठेवला. तीन विक्र्या होत्या. तिन्ही नाल्यापलीकडच्या मौजातल्या, तिन्ही कोरडवाहू. त्यातली एक तर भावाभावातली: थोरल्यानं धाकट्याला दिलेला हिस्सा. तिघांची सरासरी काढून तो आकडा साऱ्या शिवाराला लावला होता. बाबा म्हणाले, “साहेब, हे बरड वावर अन् आमचं काळीचं वावर एका भावात कसं काय बसवलं जी?” वकीलसाहेब म्हणाले, “काकाजी, हाच प्रश्न आपल्याले कोर्टापुढं मांडायचा हाय. पण नुसतं विचारून नाही भागत. दुसरा नमुना आपल्यालेच आणून दाखवा लागते.”

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते सगळ्या केसचा पाया होतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा चिमणलाल हरगोविंददास हा निकाल अशा केसेसमध्ये सगळीकडं धरला जातो. खटला पुण्याच्या जमिनीचा होता. त्यात न्यायालयानं सांगितलं की निवाडा म्हणजे सरकारनं देऊ केलेली किंमत, एक प्रस्ताव. कलम १८ चा संदर्भ, म्हणजे त्या कलमाखाली कोर्टाकडं पाठवलेला अर्ज, हे त्या निवाड्यावरचं अपील नव्हे. भूसंपादन अधिकाऱ्यानं निवाड्यात जी माहिती वापरली ती कोर्टात पुराव्यानं सिद्ध केल्याशिवाय कोर्टाला धरता येत नाही. ऐकायला हे आपल्या बाजूचं वाटतं, पण त्याच निकालात पुढं असंही आहे की जमीनमालक हा वादीच्या जागी उभा असतो. देऊ केलेली किंमत अपुरी आहे, हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे सरकारी तक्ता बाजूला पडला तरी आपला आकडा आपोआप उभा राहत नाही.

मग नमुना चांगला कशानं ठरतो? पहिली अट तारखेची. बाजारभाव पाहायचा तो कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा, म्हणून विक्री त्याच्या आधीची अन् शक्यतो जवळच्या काळातली हवी. अधिसूचनेनंतर झालेल्या विक्रीकडं कोर्ट संशयानं पाहतं, कारण प्रकल्प येतोय म्हटल्यावर भाव फुगतात, कोणी मुद्दाम फुगवतातही. दुसरी अट व्यवहार खरा असण्याची: राजीखुशीनं विकणारा, राजीखुशीनं घेणारा, दोघांवर दडपण नाही. पोरीच्या लग्नासाठी किंवा सावकाराच्या तगाद्यानं घाईत विकलेलं वावर किंवा नात्यातली विक्री ह्यात बसत नाही. तिसरी अट सारखेपणाची, अन् इथंच खरी मेहनत आहे.

कोणतीही दोन वावरं पूर्ण सारखी नसतात. वकीलसाहेबांनी ते बैलजोडीच्या उदाहरणानं सांगितलं: बाजारात आपल्या बैलाला जोड पाहताना दात, उंची, खांदा, चाल असं एकेक अंग पाहतो, अन् जिथं कमी-जास्त निघते तिथं किमतीत तोडजोड करतो. कोर्टही तसंच करते. चिमणलालच्या निकालात ह्या अंगांची दोन बाजूंची यादीच दिलेली आहे. आराजी लहान, रस्ता जवळ, रस्त्याला लागून दर्शनी भाग, विकसित वस्ती जवळ, आकार नीट चौकोनी, ह्या गोष्टी भाव वाढवणाऱ्या. आराजी मोठी, रस्त्यापासून आत, चिंचोळी पट्टी, सखल जमीन, वस्तीपासून दूर, ह्या भाव उतरवणाऱ्या. नमुन्याचं वावर अन् संपादित वावर ह्या दोन रकान्यांतून शेजारी-शेजारी तपासायचं, मग नमुन्याच्या भावात वाढ किंवा घट करायची.

आता शोध सुरू झाला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, शोध फी भरायची अन् गावाची सूची क्रमांक २ पाहायची. आमच्या वेळी जुन्या नोंदी रजिस्टरात अन् नंतरच्या संगणकावर होत्या. सूचीत प्रत्येक विक्रीला एक ओळ असते: देणारा, घेणारा, गट नंबर, क्षेत्र, मोबदला, बाजारमूल्य, तारीख. मी आमचा मौजा अन् शिवेला लागलेली चारी गावं, अधिसूचनेच्या आधीची पाच वर्षं अन् नंतरचं एखादं, अशी हद्द धरली. एका वहीत सगळ्या ओळी उतरवून काढल्या. नात्यातल्या विक्र्यांना आडनावावरून खूण केली, एकरापेक्षा लहान तुकडे वेगळे काढले. हे काम वकिलाच्या कारकुनावर सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कोणत्या गटात विहीर आहे, कोणतं वावर नाल्याच्या पाण्यानं खरडलं, कोणाची विक्री कर्जापायी झाली, हे कारकुनाला सूचीवरून कळत नाही. गावच्या माणसाला गट नंबर वाचला की वावर डोळ्यांपुढं येते.

वहीतून तीन विक्र्या कामाच्या निघाल्या. पहिली डांबरी रस्त्याला लागून असलेल्या एका एकराची, २००६ सालची, दर हेक्टरी साधारण सहा लाखांचा. घरातल्या सगळ्यांना तीच हवी होती. वकीलसाहेबांनी ती दाखल केली, पण तिच्यावर केस उभी करायला नकार दिला. एकच एकर, अन् तेही थेट रस्त्यावर. घेणाऱ्यानं ते शेतीसाठी घेतलंच नव्हतं, अन् आमचं वावर रस्त्यापासून आत पांदणीवर (शेतात जायच्या कच्च्या वाटेवर). दुसरी विक्री २००९ ची, ती अधिसूचनेनंतरची म्हणून सोडली. तिसरी २००५ ची: दोन एकर, म्हणजे ०.८१ हेक्टर, २ लाख ६० हजाराला. ओलिताचं वावर, काळी जमीन, आमच्याच मौजात, आमच्यापासून तीन-चार धुरे सोडून. देणारा अन् घेणारा दोघं एकमेकांचे कोणी लागत नव्हते. दर पडत होता हेक्टरी ३ लाख २१ हजार. रकमेच्या मानानं ती पहिलीपेक्षा फार खाली होती, पण दोन रकान्यांत तिच्यासारखी जुळणारी दुसरी कोणतीच नव्हती.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ च्या दुरुस्तीनं जुन्या कायद्यात कलम ५१-अ आलं. त्यानुसार नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नकल पुरावा म्हणून दाखल करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००४ मध्ये सिमेंट कॉर्पोरेशन विरुद्ध पूर्या ह्या खटल्यात सांगितलं की त्यासाठी विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला बोलावलंच पाहिजे असं नाही. पण नकल दाखल होणं वेगळं अन् कोर्टानं तिच्यावर किती भर द्यायचा हे वेगळं. व्यवहार झाला अन् इतक्या पैशाला झाला, एवढंच नकल सांगते. ते वावर आपल्या वावरासारखं आहे, हे कोणीतरी साक्षीत सांगावं लागते. म्हणून आम्ही घेणाऱ्याला गाठलं.

ते वयस्क गृहस्थ. ओसरीवर बसवलं, चहा दिला, पण कोर्टाचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, “मले कायले ओढता जी त्या भानगडीत? कागदावर जे लिहिलं ते कमी लिहिलं हाय. साहेबानं इचारलं तं म्या काय सांगू?” त्यांची भीती खरी होती. त्यांनी प्रत्यक्षात जास्त मोजले होते, अन् मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून खतात किंमत कमी लिहिली होती. आमच्या भागात तेव्हा बहुतेक खरेदीखतं अशीच होत. त्यांनी कोर्टात खरी रक्कम सांगितली असती तरी आम्हाला फायदा नव्हता, नोंदणीकृत खतात जो आकडा आहे तोच कोर्ट धरतं. वकीलसाहेबांनी त्यांना समजावलं की तुम्ही फक्त वावराबद्दल बोला: कुठं आहे, कसं आहे, पाणी कशाचं. शेवटी ते तयार झाले. शेजाऱ्याचं काम म्हणून ते उन्हातान्हात पेशीवर आले, त्यांचा उपकार आमच्या घरावर आहे.

ह्याच ठिकाणी मला ह्या सगळ्या पद्धतीतलं दुखणं दिसलं. गावात दोनशे लोकांनी किंमत कमी लिहिली की साऱ्या गावाच्या जमिनीचा कागदोपत्री भाव खाली बसतो. ज्या दिवशी कालवा, रस्ता किंवा खाण येते, त्या दिवशी सरकार तीच खतं पुढं ठेवून म्हणते, तुमचाच भाव हा. विकणाऱ्याची अन् घेणाऱ्याची तात्पुरती सोय झालेली असते, त्याचं नुकसान मात्र ज्याचा त्या व्यवहाराशी संबंधच नव्हता त्या तिसऱ्या कास्तकाराला सोसावं लागते.

आमची जमीन ओलिताची होती हे दाखवणंही सोपं नव्हतं. काही वर्षांच्या पीकपेऱ्यात फक्त कापूस अन् तूर लिहिलेली होती, गहू-हरभरा नाही, अन् सिंचनाचा रकाना कोरा. विहीर सातबाऱ्यावर होती, पण विहीर असणं अन् ओलीत होणं ह्यांत सरकारी वकील फरक करणार हे उघड होतं. तेव्हा बाबांची पेटी कामी आली. कृषिपंपाची वीजबिलं त्यांनी वर्षानुवर्षं सुतळीत ओवून ठेवली होती. वरची पिवळी पडलेली, आतली उंदरानं कोपऱ्यात कुरतडलेली, पण ग्राहक क्रमांक अन् तारखा वाचता येत होत्या. पाइपलाइन टाकली तेव्हाची दुकानाची पावती निघाली. बाजार समितीत गहू विकल्याच्या पट्ट्या निघाल्या. सगळं निशाणी (पुराव्याचा क्रमांक) लावून दाखल झालं.

गावनकाशाचंही तसंच. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नकल घेतली अन् त्यावर रंगीत पेनानं तीन खुणा केल्या: आमचा गट, नमुन्याचा गट, निवाड्यातले तीन गट. त्या एका कागदावर सगळं दिसत होतं. नमुना आमच्याच शिवारात, अन् सरकारचे तिन्ही नमुने नाल्यापलीकडं, दुसऱ्या मौजात, चढावर. मग पांदणीनं टेप टाकत अंतर मोजलं. आमच्या वावरापासून डांबरी रस्ता किती, नमुन्याच्या वावरापासून किती. नमुन्याचं वावर रस्त्याला आमच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जवळ निघालं. ते आम्ही शपथपत्रात तसंच लिहिलं. वकीलसाहेबांचं म्हणणं होतं की आपल्या नमुन्यातला कमीपणा आपणच आधी सांगितला तर बाकीच्या गोष्टींवर कोर्टाचा विश्वास बसतो.

उलटतपासणी बाबांची झाली. सरकारी वकिलांनी एकामागं एक विचारलं: “नमुन्याचं वावर रस्त्याला जवळ आहे, हे खरं आहे काय?” बाबा म्हणाले, “खरं आहे.” “तुमच्या वावराच्या खालच्या धुऱ्यानं नाला जातो?” “जाते.” “पावसाळ्यात पाणी साचतं?” “धुऱ्याजवळ दोन तासांत साचते, बाकी वावरात नाही.” तास म्हणजे पिकाची ओळ, हे लघुलेखकाला सांगावं लागलं. “सातबाऱ्यावर रब्बीचं पीक नाही?” “पटवाऱ्यानं लिहिलं नाही, पण माल बाजारात गेला, पट्ट्या लावल्या हायेत.” ह्या शेवटच्या उत्तरावर न्यायाधीशांनी स्वतः फाईल उघडून पट्ट्या पाहिल्या.

युक्तिवादात सरकारी बाजूचं म्हणणं होतं की सगळ्या विक्र्यांची सरासरी काढा. त्यावर आमच्या वकीलसाहेबांनी २०१२ चा मेहरावल खेवाजी ट्रस्टचा निकाल दाखवला. अनेक खऱ्या विक्र्या समोर असतील तर त्यांतली सर्वांत जास्त किमतीची, पण तुलनेला योग्य अशी धरायची. सगळे भाव जवळजवळच्या पट्ट्यात असतील तेव्हाच सरासरी चालते, असं त्यात आहे. मात्र ‘सर्वांत जास्त’ म्हणून आम्ही रस्त्यावरचा सहा लाखांचा तुकडा पुढं केला नाही, कारण तो तुलनेलाच योग्य नव्हता. दुसरा मुद्दा काळाचा. नमुना २००५ चा अन् अधिसूचना २००८ ची, मधल्या तीन वर्षांची वाढ मिळाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ओएनजीसी विरुद्ध रमेशभाई पटेल ह्या खटल्यात ग्रामीण भागासाठी वर्षाला साधारण ५ ते ७.५ टक्के वाढ धरलेली आहे.

निकाल २०१६ साली लागला. कोर्टानं सरकारचे तिन्ही नमुने बाजूला ठेवले: दोन दुसऱ्या प्रकारच्या जमिनीचे म्हणून, एक नात्यातला म्हणून. रस्त्यावरचा आमचा एक एकरही नाकारला. २००५ ची विक्री धरली. ३ लाख २१ हजारांवर दरसाल ५ टक्के चक्रवाढीनं तीन वर्षांची वाढ दिली, ते झाले ३ लाख ७१ हजार सहाशेच्या आसपास. त्यातून रस्त्याच्या अंतरापोटी १० टक्के कमी केले अन् जवळचा आकडा धरून हेक्टरी ३ लाख ३५ हजार ठरवले. १.२१ हेक्टरवर जमिनीची वाढ झाली २ लाख ७२ हजार २५०. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची जादा भरपाई, ८१ हजार ६७५. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या दोन वर्षांचे कलम २३(१-अ) प्रमाणे दरसाल १२ टक्के, ते ६५ हजार ३४०. शिवाय ताबा घेतल्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के अन् पुढं १५ टक्के व्याज. दिलासा रकमेवरही व्याज मिळते, हे २००१ मध्ये सुंदर विरुद्ध भारत सरकार ह्या निकालात घटनापीठानं ठरवलेलं आहे. हुकूमनाम्याच्या हिशेबात ते धरलंय की नाही, हे स्वतः तपासा. आमच्या पहिल्या तक्त्यात ते सुटलं होतं, अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावं लागलं.

२०१४ च्या १ जानेवारीपासून नवा कायदा आला, तरी नमुन्याचं काम संपलेलं नाही. २०१३ च्या त्या कायद्यात कलम २६ प्रमाणे मुद्रांकासाठीचं बाजारमूल्य अन् जवळच्या गावातल्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी, ह्यांतलं जास्त असेल ते धरतात. सरासरीसाठी आधीच्या तीन वर्षांतली खतं घेतात अन् त्यांतली जास्त किमतीची अर्धीच मोजतात. दिलासा रक्कम १०० टक्के आहे. पण अधिकाऱ्यानं ‘तशीच जमीन’ म्हणून कोणती खतं उचलली, कोरडवाहू की ओलिताची, कोणत्या मौजातली, हे पाहावंच लागते. आपली यादी निवाड्याआधीच, हरकतीच्या वेळी, लेखी देऊन पोच घ्यावी. नंतर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली जायची पाळी आली तरी तीच यादी हाताशी राहते.

आमच्या निकालानंतर ज्यांनी कलम १८ चा अर्जच केला नव्हता असे त्याच अधिसूचनेतले शेजारी घरी आले. जुन्या कायद्याच्या कलम २८-अ खाली अशा लोकांना कोर्टाच्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, अन् आमच्या निकालाच्या आधारे त्यांचा मोबदला नव्यानं ठरतो. निकालाची नकल मिळायला लागलेले दिवस त्या तीन महिन्यांतून वजा होतात. मी निकालाच्या प्रमाणित नकला काढून दिल्या, गावनकाशाचीही प्रत जोडली. ज्यांची वावरं कोरडवाहू होती त्यांना सरळ सांगितलं की ओलिताचा दर तुम्हाला मिळणार नाही, तुमच्या वावराशी जुळणारी खतं माझ्या त्या वहीत वेगळी लिहिलेली आहेत, ती घेऊन वकिलाकडं जा. संपादन करणाऱ्यांनी नागपूर खंडपीठात आमच्याविरुद्ध अपील केलं आहे. काही रक्कम हमीवर उचलायला मिळाली, बाकी कोर्टात जमा आहे. अपिलात त्यांचा मुख्य मुद्दा पुन्हा तोच आहे: रस्त्याच्या अंतरापोटी १० टक्के घट पुरेशी नाही, २५ टक्के हवी. पांदणीवर मोजलेल्या अंतराचा कागद आम्ही त्यासाठी पुन्हा पुढं केला आहे.